लघुग्रहाची पत्रिका कशी वाचावी : चर्चगेटला सूर्य, दादरला पृथ्वी

२०२५ च्या फेब्रुवारीत एका रात्री मावशीचा फोन आला. तिची चाळ रीडेव्हलपमेंटला गेलेली, भाड्याच्या घरात तिसरं वर्ष, आणि ताब्याची तारीख दर दिवाळीला एक वर्ष पुढे. "ऐक ना," म्हणाली, "२०३२ च्या डिसेंबरात मुंबईवर दगड पडणार म्हणे. ग्रुपवर नकाशा आलाय. तेव्हाच कुठे आमचं पझेशन मिळायचं, आणि वर हे!"

हसू आलं, पण नकाशा उघडून पाहिला तर तो बनावट नव्हता. पूर्व पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र करत दक्षिण आशियापर्यंत आलेला तो पट्टा खरोखर अंतराळ संस्थांच्या गणितातून निघालेला होता. खोटं होतं ते त्याखालचं वाक्य. मग मी त्या दगडाचं पान लॅपटॉपवर उघडलं आणि मावशीला फोनवरच एकेक आकडा समजावत गेलो. पाऊण तास लागला. तीच रीत इथे लिहून काढतोय. दगडाचं नाव २०२४ वायआर४, पण रीत कुठल्याही लहान पृथ्वीसमीप लघुग्रहाला चालते. लागतं काय, तर इंटरनेट, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर, एक कोरा कागद, दोन टाचण्या आणि हातभर दोरा.

आधी नाव फोडा

नाव म्हणजे गाडीचा नंबर असतो तसा कोड आहे. २०२४ हे शोधाचं वर्ष. त्यापुढचं पहिलं इंग्रजी अक्षर वर्षाचा पंधरवडा सांगतं. जानेवारीचा पहिला पंधरवडा ए, दुसरा बी, असं मोजत जायचं, मध्ये आय हे अक्षर गाळायचं (एक आकड्याशी गल्लत होते म्हणून), की डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्याला वाय येतं. दुसरं अक्षर त्या पंधरवड्यातला क्रम. इथेही आय गाळून पंचवीस अक्षरं. ती संपली की पुन्हा ए पासून सुरुवात, आणि किती फेऱ्या झाल्या तो आकडा शेवटी. आर हे सतरावं अक्षर आणि चार फेऱ्या पूर्ण, म्हणजे चार गुणिले पंचवीस अधिक सतरा. त्या पंधरवड्यातली ११७ वी नोंद.

आणि खरोखर २७ डिसेंबर २०२४ लाच हा सापडला. चिलीतल्या रिओ उर्ताडो इथल्या ॲटलास दुर्बिणीने पकडला. गंमत अशी की तो पृथ्वीच्या सर्वांत जवळून गेला होता दोन दिवस आधी, २५ डिसेंबरला, सुमारे ८ लाख २९ हजार किलोमीटरवरून. पाहुणा जिना उतरून गेल्यावर कुत्रं भुंकावं तसा प्रकार. पण दोष दुर्बिणीचा नव्हता. तो आला सूर्याच्या बाजूने, आणि दिवसाच्या आकाशात साठ मीटरचा दगड कुणाला दिसणार?

पान उघडा, सहापैकी तीन आकडे उचला

नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेचा 'स्मॉल बॉडी डेटाबेस' सर्वांना खुला आहे, लॉगिन वगैरे काही नाही. शोधाच्या चौकटीत नाव टाकलं की कक्षेचं कोष्टक येतं. कक्षेची पूर्ण पत्रिका सहा आकड्यांची असते, त्यांपैकी सुरुवातीला तीन पुरतात.

लहान 'ए' म्हणजे अर्धदीर्घाक्ष, लंबवर्तुळाच्या लांब अक्षाचा अर्धा भाग. इथे २.५१६ खगोलीय एकक. (एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं सरासरी अंतर, साधारण १५ कोटी किमी.) लहान 'ई' म्हणजे उत्केंद्रता, वर्तुळ किती चेपलंय त्याचं माप. शून्य असेल तर गोल, एकाकडे जाईल तसं लांबट. इथे ०.६६२, चांगलंच चेपलेलं. पृथ्वीची उत्केंद्रता ०.०१७ आहे, यावरून फरक कळेल. 'आय' म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी असलेला कल, इथे सुमारे ३.४ अंश. अगदीच कमी. हा दगड जवळजवळ आपल्याच जमिनीवरून धावतो, वरच्या फ्लायओव्हरवरून नाही.

आता कॅल्क्युलेटर घ्या. एकातून उत्केंद्रता वजा करा आणि अर्धदीर्घाक्षाने गुणा: २.५१६ × ०.३३८ = ०.८५. हे सूर्याच्या जास्तीत जास्त जवळचं अंतर, उपसूर्य. वजाच्या जागी बेरीज केली की २.५१६ × १.६६२ = ४.१८, हे अपसूर्य. कोष्टकात हे दोन्ही आकडे लहान आणि मोठ्या 'क्यू' समोर दिलेलेच असतात, तरी एकदा हाताने काढा. आपला आकडा त्यांच्याशी जुळला की पुढे भीती राहत नाही.

जात ओळखा

पृथ्वीसमीप म्हणायचं कधी? उपसूर्य १.३ एककांपेक्षा कमी असेल तेव्हा. त्यात चार घराणी आहेत. अर्धदीर्घाक्ष १ पेक्षा जास्त आणि उपसूर्य १.०१७ पेक्षा कमी असेल तर अपोलो. अर्धदीर्घाक्ष १ पेक्षा कमी, पण अपसूर्य ०.९८३ च्या पलीकडे जात असेल तर एटेन. हे दोघे पृथ्वीची वाट ओलांडतात. अमोर बाहेरूनच डोकावून परततात, अटीरा कायम आतच राहतात. आपला दगड अपोलो.

इथेच एक शब्द सांभाळायला हवा. 'संभाव्य धोकादायक' ही बोलीभाषेतली भीती नव्हे, ती व्याख्या आहे: कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या ०.०५ एककांच्या आत यायला हवी आणि निरपेक्ष प्रत (उजेडाचं माप, आकडा लहान तितका दगड तेजस्वी) २२ किंवा त्याहून तेजस्वी हवी, म्हणजे आकार साधारण १४० मीटर किंवा मोठा. २०२४ वायआर४ ची प्रत २४ च्या जवळपास, म्हणून व्याख्येने तो 'संभाव्य धोकादायक' नाहीच. तरी काही आठवडे तो धोक्याच्या यादीत सर्वांत वर होता. मथळा लिहिणाऱ्यांना हा फरक परवडत नाही. आपण तो लक्षात ठेवावा.

लोकलवर मांडा

आकडे समजतात, पण अंगात भिनत नाहीत. त्याला माझा उपाय म्हणजे पश्चिम रेल्वे. एक एकक बरोबर दहा किलोमीटर धरा. सूर्य चर्चगेटला. चर्चगेटहून दादर सुमारे दहा किमी, म्हणजे पृथ्वी दादरला. मंगळ १.५२ एककांवर, वांद्र्याला. गुरू ५.२ एककांवर, वसई रोडला. ही स्टेशनं मी ओढूनताणून बसवलेली नाहीत, रुळांची अंतरंच तशी आहेत.

मग आपला दगड? आतल्या टोकाला ०.८५ एकक, म्हणजे लोअर परळ सोडून प्रभादेवीकडे. बाहेरच्या टोकाला ४.१८, म्हणजे मीरा रोड आणि भाईंदरच्या मधे कुठेतरी. चार वर्षांची एक फेरी, मीरा रोडपलीकडून प्रभादेवी आणि परत.

एक सावधगिरी: ही लाइन फक्त सूर्यापासूनचं अंतर दाखवते, दिशा नाही. दादर हे एक स्टेशन नव्हे, चर्चगेटभोवती दहा किमी त्रिज्येची गोल वाट समजा, तिच्यावर पृथ्वी वर्षभर फिरतेय. दगड दादरच्या अंतरावर आला म्हणजे पृथ्वी तिथे उभी असेलच असं नाही.

या मापात आपण केवढे? सूर्य ९३ मीटर व्यासाचा. पृथ्वी ८५ सेंटिमीटरची, मोठ्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाएवढी म्हणा. चंद्र तिच्यापासून साडेपंचवीस मीटरवर, म्हणजे लोकलच्या एका डब्याहून थोडा पुढे. आणि २५ डिसेंबर २०२४ ला दगड गेला तो ५५ मीटरवरून, पावणेतीन डब्यांच्या अंतरावरून. दादरच्या फलाटावर तुम्ही पहिल्या डब्यापाशी उभे आहात आणि तो तिसऱ्या डब्यापाशी लाइन ओलांडून गेला. दगडाचं स्वतःचं माप? सुमारे चार मायक्रॉन. केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक.

कागदावर काढा

वाटेचा आकार पाहायचा तर एफोर कागद घ्या, खाली मिठाईच्या खोक्याचं झाकण ठेवा म्हणजे टाचण्या रुततील. माप ठेवा एक एकक म्हणजे चार सेंटिमीटर. कागदाच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, दोन टाचण्या एकमेकींपासून १३.३ सेंटिमीटरवर टोचा. दोऱ्याचं बंद कडं करा, गाठ सोडून त्याची एकूण लांबी ३३.४ सेंटिमीटर हवी. कडं दोन्ही टाचण्यांभोवती टाकायचं, पेन्सिलने ताणून धरायचं आणि एक फेरी मारायची. जे उमटेल ती २०२४ वायआर४ ची कक्षा. एक टाचणी सूर्य. तिच्याभोवती चार सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, ती पृथ्वीची वाट.

(माझी पहिली गाठ सैल होती आणि कक्षा दुधी भोपळ्यासारखी आली. शिवणाचा दोरा ताणतो, पॅकिंगची सुतळी जाड पडते. पतंगाचा साधा सद्दी मांजा उत्तम.)

कागदावर एक गोष्ट लगेच दिसते: दगड पृथ्वीची वाट दोनदा कापतो, एकदा आत येताना आणि एकदा बाहेर जाताना. २०२४ च्या नोव्हेंबरात तो उपसूर्याला होता आणि डिसेंबरात बाहेर निघाला होता. म्हणजे आपल्या भाषेत ती विरारच्या दिशेने सुटलेली गाडी होती. म्हणून तर तो सूर्याच्या बाजूने आला.

वेळापत्रक काढा

केप्लरचा तिसरा नियम कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांत होतो. अर्धदीर्घाक्षाला स्वतःनेच तीनदा गुणा आणि वर्गमूळ घ्या. २.५१६ × २.५१६ × २.५१६ = १५.९३. वर्गमूळ ३.९९. एवढी वर्षं लागतात एका फेरीला. जवळजवळ चार! म्हणून तारखा अशा पडतात: डिसेंबर २०२४, डिसेंबर २०२८, डिसेंबर २०३२. '२०३२ च कसं काय?' या मावशीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पृथ्वी दर डिसेंबरात त्याच जागी असते आणि दगड दर चार वर्षांनी तिथे येतो.

साधी चाराची बेरीज करून दिवस मात्र काढू नका. २०२८ ला तो १७ डिसेंबरला सुमारे ८० लाख किमीवरून जाईल, २०३२ ला तारीख २२ डिसेंबर. मधे गुरू धक्के देतो. अडीच एककांजवळची ही जागा मुळातच अस्थिर आहे: तिथली फेरी गुरूच्या ११.८६ वर्षांच्या फेरीच्या साधारण एक तृतीयांश भरते, आणि दर तीन फेऱ्यांनी गुरूचा हिसका एकाच ठिकाणी बसत राहतो. मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्यात तिथे वस्तीच विरळ आहे, तिला किर्कवुडची फट म्हणतात. आपल्याकडे येणारे बरेच दगड अशाच फटींतून बाहेर फेकले गेलेले असतात.

वेग सगळीकडे सारखा नसतो. प्रभादेवीपाशी सेकंदाला सुमारे ४१.६ किमी, मीरा रोडपलीकडे साडेआठ. प्रमाण जवळपास पाच पट, कारण अंतरांचं प्रमाणही तेवढंच (४.१८ भागिले ०.८५). याचा परिणाम मोठा आहे. चार वर्षांच्या फेरीत तो दादरच्या आत असतो जेमतेम ७० दिवस, आणि वांद्र्याच्या पलीकडे जवळजवळ साडेतीन वर्षं. दुर्बिणींना तो दिसतो त्या थोड्या दिवसांत. उरलेला काळ तो इतका अंधुक असतो की जमिनीवरच्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीही हात टेकतात. २०२५ च्या वसंतात सगळे घाईला आले होते ते यामुळेच. गाडी निघून चालली होती आणि पुढची थेट २०२८ ला.

रूळ आणि गाडी यांत फरक करा

कोष्टकात 'पृथ्वी एमओआयडी' असा एक आकडा असतो. दोन कक्षांमधलं कमीत कमी अंतर. हा आकडा लहान दिसला की लोक घाबरतात. पण हे रुळांमधलं अंतर आहे, गाड्यांमधलं नाही. दादरला किती रूळ शेजारी शेजारी आहेत, दिवसभर गाड्या ये-जा करतात, टक्कर होत नाही. टक्कर व्हायला एकाच जागी, एकाच क्षणी दोघांनी असावं लागतं. पृथ्वी आपल्या वाटेवर स्वतःच्या व्यासाएवढं अंतर सुमारे सात मिनिटांत ओलांडते. म्हणजे आठ वर्षं आधी, दोन फेऱ्या पुढची वेळ मिनिटांच्या हिशोबात सांगायची आहे. एवढा अचूकपणा पहिल्या आठवड्याच्या निरीक्षणांतून येत नाही. आणि इथूनच टक्केवारी सुरू होते.

टक्केवारी का चढते आणि मग का कोसळते

हा भाग मी मावशीला तीनदा सांगितला, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

समजा मित्राचा मेसेज आला: 'बोरिवलीहून निघालोय, चर्चगेटच्या आत कुठेतरी उतरेन.' तो दादरला उतरेल याची शक्यता किती? स्टेशनं वीसेक, म्हणजे फार तर पाच टक्के. थोड्या वेळाने: 'अंधेरी गेलं.' मागची स्टेशनं बाद, यादी आखडली, दादर अजून यादीत, शक्यता वाढली. 'वांद्रे गेलं.' आणखी वाढली. मित्र दादरला उतरायचं ठरवतोय म्हणून नव्हे, तुमचं अज्ञान कमी झालं म्हणून. मग पुढचा मेसेज: 'दादर सुटलं, लोअर परळला उतरतोय.' शक्यता एका झटक्यात शून्य.

लघुग्रहाचं अगदी हेच. त्याच्या भावी जागेची अनिश्चितता ही कक्षेच्या दिशेने ताणलेली लांबलचक, बारीक पट्टी असते. नवी निरीक्षणं आली की ती आखडते. पृथ्वी तिच्यात आहे तोवर पृथ्वीचा वाटा फुगत जातो. टोक पृथ्वीच्या अलीकडे सरकलं की फुगा फुटतो.

२०२४ वायआर४ चे आकडे या चौकटीत वाचा. २७ जानेवारी २०२५ ला शक्यता एक टक्क्यावर गेली आणि तोरिनो मापावर त्याला ३ मिळाले. शून्य ते दहा या मापावर ३ म्हणजे: एक टक्का किंवा जास्त शक्यता, स्थानिक विध्वंस करण्याइतका आकार, खगोलशास्त्रज्ञांनी लक्ष द्यावं. दोनच दिवसांनी आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळ्याने औपचारिक सूचना काढली. १८ फेब्रुवारीला नासाचा आकडा ३.१ टक्क्यांवर पोचला, म्हणजे बत्तिसात एक. युरोपीय संस्थेचा त्याच सुमाराचा आकडा २.८ होता. दोघांचं भांडण नव्हतं, निरीक्षणांना दिलेलं वजन थोडं वेगळं. मग १९ ला दीड, २० ला ०.२८, आणि २४ फेब्रुवारीला ०.००४ टक्के. मावशीचा फोन आणि शून्य यांत आठवडा गेला असेल नसेल. २०३२ मध्ये चंद्रावर आदळण्याचा आकडा मात्र त्याच २०२५ च्या जूनमध्ये ४.३ टक्क्यांपर्यंत चढला, कारण पट्टी आखडताना चंद्र तिच्यात सापडला.

आणि तो पट्टा? पट्टी पृथ्वीवरून आडवी गेली की तिची सावली म्हणजे नकाशावरचा पट्टा. आदळलाच तर या रेषेवर कुठेतरी, इतकाच त्याचा अर्थ. ते ३.१ टक्के पॅसिफिकपासून आपल्यापर्यंतच्या हजारो किलोमीटरवर वाटायचे, त्यातला बराचसा भाग समुद्र. मुंबईच्या वाट्याला काय उरतं ते बघा. "म्हणजे नकाशा खरा, पण बातमी खोटी," मावशी म्हणाली. याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

पानावर आणखी दोन गोष्टी पाहायची सवय लावा: निरीक्षणांचा कालावधी किती दिवसांचा आहे, आणि 'कंडिशन कोड' किती आहे. शून्य म्हणजे कक्षा पक्की, नऊ म्हणजे अंदाजपंचे. आठ दिवसांच्या निरीक्षणांवरची टक्केवारी कुणी फॉरवर्ड केली तर तिला आठ दिवसांच्या ओळखीइतकाच मान द्यावा.

आकार: उजेडावरून माप काढणं

एवढ्या लांबच्या दगडाचा व्यास कुणी फूटपट्टीने मोजत नाही. दिसतो तो एक ठिपका, आणि त्याचा उजेड. निरपेक्ष प्रत (कोष्टकात मोठा 'एच') म्हणजे दगड सूर्यापासून आणि आपल्यापासून एकेका एककावर, पूर्ण उजळलेला असता तर जितका तेजस्वी दिसला असता ती प्रत. आकडा मोठा तितका दगड मंद.

अडचण अशी की लहान पांढरा दगड आणि मोठा काळा दगड सारखाच उजेड देतात. सूत्र: १३२९ भागिले परावर्तकतेचं वर्गमूळ, गुणिले दहाचा उणे एच भागिले पाच इतका घात, उत्तर किलोमीटरमध्ये. एच २४ धरा. कोळशासारखा काळा (परावर्तकता ०.०५) असेल तर ९४ मीटर. उजळ खडकाळ (०.२५) असेल तर ४२ मीटर. बातम्यांत '४० ते ९० मीटर' असं जे येत होतं ते याच सूत्रातून.

कोडं सुटलं ते उष्णतेवरून. काळा दगड सूर्यप्रकाश जास्त पितो आणि अवरक्त किरणांत जास्त धगधगतो. मार्च २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने ती धग मोजली आणि आकार निघाला सुमारे ६० मीटर, सात मीटर इकडे-तिकडे. साधारण वीस मजली टॉवरची उंची.

गिरकी

ठिपक्याचा उजेड ठरावीक वेळाने कमी-जास्त होतो, कारण दगड वेडावाकडा असतो आणि फिरताना कधी रुंद, कधी अरुंद बाजू दाखवतो. त्यावरून २०२४ वायआर४ ची गिरकी साडेएकोणीस मिनिटांची निघाली. चर्चगेटहून दादर येईतो त्याचा एक दिवस संपतो.

मोठे लघुग्रह सहसा सव्वादोन तासांपेक्षा जोरात फिरत नाहीत. ते खडीचे ढीग असतात, जास्त जोरात फिरले तर विस्कटतील. या दगडाच्या विषुववृत्तावर बाहेर फेकणारा जोर त्याच्या गुरुत्वापेक्षा चाळीसेक पट भरतो (घनता पाण्याच्या २.६ पट धरून मी काढलेला आकडा). तिथे मूठभर वाळू ठेवलीत तर ती सरळ अवकाशात निघून जाईल. तेव्हा तो एकसंध कातळ असावा, नाहीतर निदान आतून घट्ट चिकटलेला.

धक्का किती

६० मीटर व्यास, घनता २.६, म्हणजे वजन सुमारे तीन लाख टन. पृथ्वीवर येतानाचा वेग सेकंदाला १७.३ किमी. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग: साधारण दहा मेगाटन टीएनटी. व्यास पाच मीटरने कमी धरला की आकडा पाऊण होतो, कारण वजन व्यासाच्या घनाने बदलतं.

तुलनेला ३० जून १९०८ चा तुंगुस्का घ्या. सैबेरियात हवेतच फुटलेल्या दगडाने सुमारे २,१५० चौरस किमी जंगल आडवं केलं. मुंबई शहर आणि उपनगर मिळून सहाशेच्या आसपास चौरस किमी आहेत. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेला दगड फक्त वीसेक मीटरचा होता. तोही सूर्याच्या बाजूने आला, कुणी आधी पाहिला नाही, आणि दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी. लखलखाट दिसला म्हणून लोक खिडकीशी धावले, आणि धक्का त्यानंतर दोनेक मिनिटांनी पोचला. या लेखातून घरच्यांना सांगण्यासारखी एकच गोष्ट निवडायची असेल तर ही: आकाशात असा झगमगाट झाला तर खिडकीपासून लांब व्हा आणि काही मिनिटं लांबच राहा. काचेच्या भिंतींच्या टॉवरांत राहणाऱ्यांनी जास्तच.

मुंबईतून काय दिसेल

असले लहान दगड? काही नाही. २०२८ चा फेराही घरच्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर. पण लघुग्रह सरकतो म्हणजे काय, ते डोळ्यांनी पाहता येतं. मुख्य पट्ट्यातला मोठा लघुग्रह वेस्टा निवडा. प्रतियुतीच्या दिवसांत (पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतो तेव्हा) तो सहाव्या प्रतीच्या आसपास असतो, १०×५० च्या द्विनेत्रीत पुरेसा. तारकानकाशाच्या ॲपवर जागा पाहून त्या भागातले ठिपके वहीत काढा. दोन-तीन रात्रींनी पुन्हा काढा. जो ठिपका सरकला तो वेस्टा. गच्चीवर हॅलोजन असेल तर सोसायटीच्या वॉचमनशी आधी दोस्ती करून ठेवा. जून ते सप्टेंबर विसरून जा, ढग तेवढे दिसतील. खरं काळोखं आकाश हवं तर मध्य रेल्वेने वांगणीला जा. खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम तिथेच होतात, आणि पहाटेच्या कर्जत लोकलमध्ये पेंगणारी मंडळी बघून तुम्हाला तुमची जात कळते.

आता हाताने एक

सरावाला अपोफिस नावाचा दुसरा पृथ्वीसमीप लघुग्रह घ्या. अर्धदीर्घाक्ष ०.९२२, उत्केंद्रता ०.१९१. हिशोब करा: उपसूर्य ०.७५, महालक्ष्मी आणि लोअर परळच्या मधे. अपसूर्य १.१०, दादर ओलांडून माटुंगा रोडच्या अलीकडे. फेरी ०.८८५ वर्षं. अर्धदीर्घाक्ष एकाहून कमी, म्हणून एटेन. २००४ च्या डिसेंबरात त्याचीही टक्केवारी २.७ पर्यंत चढली होती आणि तोरिनोवर ४ मिळाले होते, आजवरचे सर्वाधिक. तीही तशीच कोसळली.

१३ एप्रिल २०२९ ला तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किमीवरून जाईल, आपल्या टीव्हीच्या उपग्रहांपेक्षाही जवळून. लोकलच्या मापात ८५ सेंटिमीटरच्या पृथ्वीपासून दोन मीटरवर. आपल्या घड्याळाने ती वेळ १४ एप्रिलची पहाट, तीन वाजून सोळा मिनिटं. पृथ्वीच्या ओढीने त्याची वाट इतकी वळेल की तो एटेनचा अपोलो होईल.

जेपीएलच्याच 'होरायझन्स' पानावर अपोफिस टाका, निरीक्षकाची जागा म्हणून १९.० उत्तर अक्षांश आणि ७२.८ पूर्व रेखांश द्या, तारीख १३ ते १४ एप्रिल २०२९, टप्पा दहा मिनिटांचा. कोष्टकातल्या वेळा जागतिक असतात, प्रत्येकीत साडेपाच तास मिळवा. 'एलिव्हेशन'च्या रकान्यात उणे आकडा म्हणजे तेव्हा तो क्षितिजाखाली, अधिक म्हणजे वर. त्याच ओळीतली प्रत आणि दिशा वहीत उतरवा, मग गच्चीवरून त्या बाजूला कोणता टॉवर आड येतो ते आजच पाहून ठेवा. २०२९ पर्यंत तिथे आणखी दोन मजले चढलेले असतील.